पदव्युत्तर स्तरावर डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा अभ्यास कसा करावा

पदवीच्या वर्गात सिग्नल सूत्राच्या रूपाने समोर येतो. साईन लाट, पायरी, हळूहळू विरत जाणारा एक्स्पोनेन्शियल अशा ठरलेल्या आकृत्या असतात आणि त्या फिल्टरमधून नेऊन आउटपुट लिहिता आले की गुण मिळतात. पदव्युत्तर स्तरावर तोच सिग्नल एखाद्या सेन्सरमधून येतो, ठरावीक काळापुरताच हाती लागतो, नॉइजमध्ये मिसळलेला असतो आणि मोजक्या बिटांमध्ये साठवलेला असतो. पदवीला उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही इथे पहिल्या सत्रात अडखळतात, कारण विचारला जाणारा प्रश्नच बदललेला असतो. 'आउटपुट किती?' याऐवजी 'हाती आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?' हे सांगावे लागते. या विषयात माझी अनेक वर्षे गेली आहेत आणि त्यातून एक सवय मला सर्वांत मोलाची वाटते: कोणताही प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी आलेखात काय दिसेल याचा अंदाज वहीत लिहून ठेवायचा, शक्य असेल तर आकड्यासह. अंदाज न लिहिता आलेख पाहिला की जे दिसते ते आपल्याला आधीपासून ठाऊक होते असेच मनाला वाटते आणि त्यातून नवे काही हाती लागत नाही. पुढे जे सांगितले आहे त्यात ही सवय जागोजागी येईल.

आधी पाया तपासा

गणिताचे दोन विषय पक्के हवेत: रेषीय बीजगणित आणि संभाव्यता. संमिश्र चलांपैकी ध्रुव, शून्ये आणि झेड-रूपांतराचा अभिसरणाचा प्रदेश एवढे नीट आले तरी पहिल्या सत्राला पुरते. रेषीय बीजगणितात मात्र कसर ठेवू नये. डिस्क्रीट फूरिये ट्रान्स्फॉर्म (सिग्नल कोणत्या वारंवारतांचा बनला आहे ते सांगणारा) म्हणजे एका बेसिसमधून, अर्थात अक्षांच्या एका संचातून, दुसऱ्या लंब बेसिसमध्ये जाणे, लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे एका व्हेक्टरचे उपअवकाशावर लंब प्रक्षेपण, आणि ऑटोकोरिलेशन मॅट्रिक्सच्या (सिग्नलचे त्याच्याच पुढे-मागे सरकवलेल्या रूपाशी किती साम्य आहे ते मांडणाऱ्या) आयगेनव्हॅल्यू म्हणजे सिग्नलची ऊर्जा कोणत्या दिशांना किती वाटली गेली आहे याचा हिशेब, या तीन गोष्टी चित्रासारख्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या पाहिजेत. संभाव्यतेत अपेक्षित मूल्य, व्हेरियन्स, बायस आणि स्थिर यादृच्छिक प्रक्रिया यांच्या व्याख्या तोंडपाठ असणे पुरेसे नाही. व्हेरियन्स कशाचा घ्यायचा आहे, सिग्नलचा की त्यावरून काढलेल्या अनुमानाचा, हे दर वेळी स्वतःला विचारावे लागते. या दोन्हींची गल्लत हे या स्तरावरच्या चुकांचे फार मोठे मूळ आहे.

स्वतःची परीक्षा घेण्यासाठी एक प्रश्न पुरतो. स्थिर प्रक्रियेच्या ऑटोकोरिलेशन मॅट्रिक्समध्ये प्रत्येक कर्णावर एकच आकडा का असतो आणि तिची एकही आयगेनव्हॅल्यू ऋण का नसते, हे पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर सिद्ध करून पाहा. पहिल्या भागाचे उत्तर स्थिरतेच्या व्याख्येतच आहे, तर दुसऱ्यासाठी कोणत्याही फिल्टरच्या आउटपुटची सरासरी शक्ती ऋण असू शकत नाही एवढे आठवले तरी पुरते. हे जमले तर पुढे जा. जमले नाही तर तीन-चार आठवडे पाया भरण्यात घालवा, ते वाया जात नाहीत.

सॅम्पलिंगचा, म्हणजे सिग्नलची ठरावीक अंतराने मोजमापे घेण्याचा, सिद्धान्त सगळ्यांनी शिकलेला असतो, तरीही त्याकडे पुन्हा वळावे. नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये, कोटेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये जे मांडले, त्याचा व्यवहारातला अर्थ असा की सेकंदाला ८००० सॅम्पल घेणाऱ्या यंत्रणेत ७००० हर्ट्‌झचा सूर शिरला तर तो १००० हर्ट्‌झवर दिसतो आणि एकदा सॅम्पल झाल्यावर तो मूळचा कुठला हे कोणताही अल्गोरिदम सांगू शकत नाही. हीच अडचण सॅम्पलिंगचा दर बदलणाऱ्या मल्टिरेट यंत्रणांमध्ये पुन्हा समोर येते. दर कमी करण्यापूर्वी फिल्टर का लावायचा आणि पॉलिफेज रचनेत (फिल्टरचे गुणांक लहान उपफिल्टरांत वाटून) तोच फिल्टर कमी दराने चालवून गुणाकार कसे वाचतात, हे इथूनच उमगते.

एक प्रयोग नीट, शेवटपर्यंत

आता अंदाज लिहिण्याची सवय प्रत्यक्षात कशी वापरायची ते एका प्रयोगावर पाहू. सॅम्पलिंगचा दर ८००० हर्ट्‌झ धरा. समान उंचीचे दोन कोसाईन सूर घ्या, एक १००० हर्ट्‌झचा आणि दुसरा १०२० हर्ट्‌झचा, दोन्हींची फेज शून्य. त्यांची बेरीज करून फक्त २५६ सॅम्पल ठेवा, पुढे शून्ये जोडून लांबी ४०९६ करा आणि एफएफटी (डिस्क्रीट फूरिये ट्रान्स्फॉर्म वेगाने काढण्याची रीत) घ्या. दोन शिखरे दिसतील की एक, हे आलेख काढण्यापूर्वी लिहा.

बहुतेक विद्यार्थी दोन लिहितात, कारण ४०९६ बिंदूंच्या एफएफटीत दोन बिंदूंमधले अंतर २ हर्ट्‌झपेक्षाही कमी असते आणि मग २० हर्ट्‌झचा फरक सहज कळेल असे वाटते. प्रत्यक्षात दिसतो तो रुंद, जवळजवळ सपाट माथ्याचा एकच उंचवटा. दोन सूर वेगळे ओळखण्याची क्षमता सॅम्पलिंगचा दर भागिले खऱ्या सॅम्पलची संख्या यावर ठरते आणि ८००० भागिले २५६ म्हणजे ३१.२५ हर्ट्‌झ. शून्ये जोडल्याने तोच वक्र अधिक बारीक अंतरावर रेखाटला जातो, त्यात नवी माहिती येत नाही.

इथे थांबू नका. १०२० हर्ट्‌झच्या सुराची सुरुवातीची फेज ६५ अंशांनी पुढे न्या आणि पुन्हा आलेख काढा. आता दोन शिखरे दिसतात! सिद्धान्त खोटा ठरला असे वाटण्याची ही जागा आहे. शिखरांमधले अंतर मोजले की ते सुमारे ४२ हर्ट्‌झ भरते, म्हणजे खऱ्या अंतराच्या दुपटीहून थोडे अधिक. बदललेल्या फेजमुळे २५६ सॅम्पलच्या मध्याशी दोन्ही सूर एकमेकांच्या विरुद्ध येतात, त्यांचे स्पेक्ट्रम मधोमध एकमेकांना खोडतात आणि खोडल्यामुळे पडलेली दरी दोन सुरांचा आभास निर्माण करते. शिखरे दोन आहेत, पण दोन्ही चुकीच्या जागी. 'रेझोल्युशन' या शब्दाचा खरा अर्थ माझ्या मते या आलेखात कळतो, व्याख्येत नाही. मग सॅम्पल ४०० करा, म्हणजे ५० मिलिसेकंदांचा सिग्नल, आणि त्यानंतर ८००. आठशेला दोन्ही शिखरे आपापल्या जागी स्वच्छ उभी राहतात.

याच प्रयोगात विंडो, म्हणजे सॅम्पलना गुणायचा वक्र, बदलून पाहावी. साध्या आयताकृती विंडोचा पहिला साईडलोब (मुख्य शिखराच्या बाजूचा छोटा उंचवटा) मुख्य शिखराच्या सुमारे १३ डेसिबल खाली असतो, हॅनचा सुमारे ३१ आणि हॅमिंगचा सुमारे ४३ डेसिबल. मात्र हॅन आणि हॅमिंगचे मुख्य शिखर आयताकृतीच्या दुप्पट रुंद होते. दुसरा सूर पहिल्यापेक्षा शंभरपट कमी उंचीचा, म्हणजे ४० डेसिबल खाली ठेवून थोडा दूर नेला की कोणत्या विंडोत तो दिसतो आणि कोणत्यात बुडतो, याचा तक्ता स्वतः करावा. आयते मिळालेले तक्ते पुष्कळ आहेत, पण आपल्या हाताने केलेल्या तक्त्यातला आकडा मौखिक परीक्षेत आठवतो.

एफएफटी एकदा स्वतः लिहा

कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेला अल्गोरिदम आज प्रत्येक लायब्ररीत तयार मिळतो. त्याच कल्पनेचे मूळ गाउसच्या १८०५ च्या सुमाराच्या टिपणांत सापडते, हे पुढे उजेडात आले. १०२४ बिंदूंसाठी थेट पद्धतीने १०,४८,५७६ संमिश्र गुणाकार लागतात, तर रॅडिक्स-२ रचनेत (दर वेळी बिंदूंचे दोन भाग करत जाणाऱ्या) ५,१२०. हा फरक वाचून कळतो, पण बिट उलटे करून क्रम लावणे आणि फुलपाखराची जोडणी या गोष्टी लिहिल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पायथन, मॅटलॅब किंवा ऑक्टेव्ह, जे हाताशी असेल त्यात एकदा तरी पन्नासेक ओळींची एफएफटी लिहावी. तपासणी सोपी आहे: शून्याव्या जागी १ आणि बाकी सर्व शून्य असा इनपुट दिला तर प्रत्येक आउटपुट १ आला पाहिजे, आणि इनपुटच्या वर्गांची बेरीज ही आउटपुटच्या परिमाणांच्या वर्गांच्या बेरजेला बिंदूंच्या संख्येने भागून येणाऱ्या आकड्याशी जुळली पाहिजे. त्यानंतर एफएफटीने कन्व्होल्युशन (सिग्नल फिल्टरमधून नेण्याची क्रिया) करा आणि मुद्दाम लांबी कमी ठेवा. L आणि M लांबीच्या दोन सिग्नलांसाठी किमान L+M−१ बिंदू न घेतल्यास शेपटी सुरुवातीच्या आकड्यांत येऊन मिसळते. नेमके किती आकडे बिघडतील हे आधी लिहिता आले की वर्तुळाकार कन्व्होल्युशन तुम्हाला कळले.

यादृच्छिक सिग्नल: इथे वेळ द्या

अभ्यासक्रमाचा खरा पदव्युत्तर भाग इथे सुरू होतो आणि माझ्या मते एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे जायला हवा. पीरिओडोग्राम ही कल्पना शुस्टर यांनी १८९८ मध्ये मांडली: सिग्नलचा फूरिये ट्रान्स्फॉर्म घ्या, त्याच्या परिमाणाचा वर्ग करा, लांबीने भागा. व्हाइट नॉइजचा, म्हणजे सर्व वारंवारतांवर सारखी शक्ती असलेल्या नॉइजचा, खरा स्पेक्ट्रम सपाट असतो, तेव्हा सॅम्पल जितके जास्त तितका पीरिओडोग्राम सपाट होत जाईल, असे सरळ वाटते.

विद्यार्थी असताना मीही हेच वहीत लिहिले होते. १,०२४ सॅम्पल घेतले तर आलेख करवतीसारखा दातेरी आला. ६५,५३६ घेतले, तरी दाते तितकेच उंच, फक्त अधिक दाट. दोन दिवस मी प्रोग्रॅममधली चूक शोधत राहिलो आणि चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. पीरिओडोग्रामच्या प्रत्येक बिंदूचे प्रमाण विचलन साधारण त्या जागच्या खऱ्या स्पेक्ट्रमइतकेच असते आणि लांबी वाढवून ते घटत नाही, कारण वाढलेले प्रत्येक सॅम्पल आणखी एका वारंवारतेचे अनुमान काढण्यात खर्च होते. उपाय सरासरीचा आहे. १,०२४ सॅम्पलचे १२८ चे आठ तुकडे करून आठ पीरिओडोग्रामांची सरासरी घेतली तर व्हेरियन्स आठव्या हिश्श्यावर येतो आणि त्याची किंमत म्हणून रेझोल्युशन आठपट खालावते. वेल्च यांनी १९६७ मध्ये तुकडे एकमेकांवर चढवून आणि प्रत्येकाला विंडो लावून याच देवाणघेवाणीतून थोडे अधिक पदरात पाडले. त्या दोन दिवसांत मला जे कळले ते पूर्ण सत्रातल्या व्याख्यानांत कळले नव्हते, आणि त्याचे कारण वहीत लिहिलेला तो चुकलेला अंदाज होता.

पॅरामेट्रिक पद्धती, म्हणजे सिग्नल एका ठरावीक मॉडेलमधून आला असे गृहीत धरून गुणांक शोधणे, यानंतर घ्याव्यात. लेव्हिन्सन यांची १९४७ ची पुनरावर्ती रीत हाताने तिसऱ्या क्रमापर्यंत सोडवून पाहावी. मधले परावर्तन गुणांक एकाहून लहान राहतात की नाही यावर लक्ष ठेवले की मॉडेलची स्थिरता आपोआप समजते.

वीनरपासून कालमनपर्यंत, याच क्रमाने

अॅडॅप्टिव्ह, म्हणजे आपले गुणांक स्वतः बदलत जाणाऱ्या, फिल्टरवर उडी मारण्याचा मोह फार असतो, कारण नॉइज कमी झालेला आवाज लगेच ऐकू येतो. तरी क्रम मोडू नये. आधी सरासरी वर्ग चूक सर्वांत कमी ठेवणारा वीनर फिल्टर: चूक इनपुटला लंब असली पाहिजे या एका अटीतून नॉर्मल समीकरणे निघतात. मग विड्रो आणि हॉफ यांचा १९६० चा एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर), जो त्याच उत्तराकडे प्रत्येक सॅम्पलगणिक छोटी पावले टाकतो. मग आरएलएस (रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स). कालमन फिल्टरही १९६० चाच, पण त्याच्यासाठी अवस्थांची (यंत्रणेच्या आतल्या, काळागणिक बदलणाऱ्या राशींची) भाषा लागते, म्हणून तो शेवटी.

एलएमएससाठी दोन गुणांकांचे उदाहरण हाताने करा. इनपुटची शक्ती १ आणि शेजारच्या सॅम्पलमधले कोरिलेशन ०.९ धरले तर ऑटोकोरिलेशन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू १.९ आणि ०.१ येतात. पावलाचा आकार ०.०५ ठेवला तर एका दिशेची चूक सुमारे ११ पायऱ्यांत विरते आणि दुसऱ्या दिशेची सुमारे २०० पायऱ्या घेते. पाऊल वाढवून दुसरी दिशा वेगवान करावी म्हटले, तर २ भागिले १.९ ही मर्यादा आडवी येते, आणि प्रत्यक्षात तिच्या बरेच आधी आउटपुट गडगडू लागतो. बोलण्याच्या आवाजावर एलएमएस सुस्त का पडतो आणि व्हाइट नॉइजवर तोच झपाट्याने का शिकतो, हे या दोन आकड्यांत आहे.

बिटांची मर्यादा कागदावर पाहा

मर्यादित अचूकतेचा भाग अनेक जण परीक्षेपुरता वाचतात, याची मला खंत वाटते. प्रत्येक वाढीव बिटामागे सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर सुमारे ६ डेसिबलने सुधारते, म्हणून पूर्ण उंचीच्या साईन लाटेसाठी १६ बिटांना सुमारे ९८ डेसिबल मिळतात, हे सगळ्यांना पाठ असते. पण फिल्टरच्या आत राउंडिंग केल्याने, म्हणजे आकडे जवळच्या साठवता येणाऱ्या किमतीवर आणल्याने, काय होते ते पाहायला पेन्सिल पुरते. आउटपुट म्हणजे मागच्या आउटपुटचा ०.९ पट, इनपुट शून्य, आणि प्रत्येक पायरीला जवळच्या पूर्णांकात रूपांतर, अर्धा आला तर वर. सुरुवात १० पासून करा: १०, ९, ८, ७, ६, ५. पाचाच्या ०.९ पट ४.५, म्हणजे पुन्हा ५. इथून पुढे कायम ५. सिद्धान्ताप्रमाणे शून्याकडे जाणारा फिल्टर इनपुट नसतानाही पाचावर अडकून बसतो. अर्ध्याला १ वजा ०.९ ने भागले की हाच पाच मिळतो, म्हणजे अडकण्याची जागा आधीच सांगता येते. गुणांक ०.९९ केला तर कुठे अडकेल ते वहीत लिहा आणि मग १०० पासून मोजत या.

वरच्या क्रमाचा आयआयआर फिल्टर (मागचे आउटपुट पुन्हा वापरणारा) एकाच मोठ्या समीकरणात न लिहिता दुसऱ्या क्रमाच्या तुकड्यांची माळ करून लिहावा. मोठ्या बहुपदीत गुणांकाच्या किंचित राउंडिंगनेही ध्रुव दूरवर सरकतात. १६ बिटांच्या पूर्णांकात ३२,७६७ नंतर −३२,७६८ येतो हेही एकदा मुद्दाम घडवून, कानाने ऐकावे.

आठवड्याची रीत आणि शोधनिबंध

रोजच्या अभ्यासासाठी एकच वही ठेवा आणि प्रत्येक निष्पत्ती त्यात पूर्ण करा, 'हे उघड आहे' असे लिहून पायरी गाळू नका. आठवड्याला एक निष्पत्ती, एक छोटा प्रयोग आणि त्या दोन्हींत न जुळलेल्या गोष्टींवर अर्धे पान, एवढे सातत्याने झाले तर पुरे. एका सहाध्यायाबरोबर बसून एकमेकांचे अंदाज तपासले तर फारच उत्तम, कारण दुसऱ्याच्या अंदाजातली पळवाट पटकन दिसते. खऱ्या सिग्नलवर काम लवकर सुरू करावे. साध्या मायक्रोफोनवर टाळीचा आवाज रेकॉर्ड केला तरी प्रतिध्वनी, यंत्राची गुणगुण आणि रेकॉर्डिंगची उंची मर्यादेबाहेर गेल्याने माथा कापलेली लाट, हे सारे एकाच फाइलमध्ये सापडते.

दुसऱ्या सत्रापासून शोधनिबंध वाचायला घ्यावेत. पहिल्या वाचनात सिद्धता सोडा आणि तीन गोष्टी समासात लिहा: सिग्नलचे मॉडेल कोणते, नॉइजबद्दल काय गृहीत धरले आहे, आणि तुलना कशाशी केली आहे. यांपैकी दुसरीत बहुधा निबंधाची मर्यादा दडलेली असते. मग त्यातला एकच आलेख निवडून तो स्वतः पुन्हा निर्माण करा. वारंवारतेचे किंवा दिशेचे अनुमान काढणारा निबंध यासाठी उत्तम, कारण तिथे क्रामेर-राव सीमा हाताशी असते. सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये आणि क्रामेर यांनी १९४६ मध्ये मांडलेली ही सीमा सांगते की बायस नसलेल्या कोणत्याही अनुमानाचा व्हेरियन्स अमुक एका पातळीखाली जाऊ शकत नाही. आडव्या अक्षावर सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये, उभ्या अक्षावर सरासरी वर्ग चूक, प्रत्येक बिंदूसाठी नव्या नॉइजसह किमान काही शे फेऱ्या, आणि त्याच आलेखावर सीमेची रेघ.

तुमचा वक्र नॉइज कमी असताना सीमेला चिकटून जाईल आणि नॉइज एका उंबरठ्यापलीकडे वाढला की अचानक वर उसळेल. उंबरठा कुठे येईल हे आधी लिहा. वक्र सीमेच्या खाली गेला तर आनंदून जाऊ नका. अनुमानात बायस शिरला आहे, फेऱ्या कमी पडल्या आहेत किंवा नॉइजची शक्ती मोजताना संमिश्र आणि वास्तव सिग्नलमधला दोनाचा गुणक सुटला आहे, या तीन शक्यता याच क्रमाने तपासा. तिसरी चूक झाली असेल तर वक्र नेमका ३ डेसिबलने सरकलेला दिसतो. यादृच्छिक आकड्यांचे बीज (ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून ते तयार होतात तो) मात्र पहिल्याच फेरीपासून प्रोग्रॅमच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा, म्हणजे दुरुस्तीनंतर बदललेला वक्र दुरुस्तीमुळेच बदलला, हे खात्रीने सांगता येते.